गोष्टीतून वागणूक बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, आरोग्यसेवक, समुपदेशक आणि कामाच्या ठिकाणी गट सांभाळणारी माणसे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले असून, विषय दुसऱ्या उत्तरात आला असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोष्ट सांगून वागणूक खरोखर बदलते का, की ही केवळ आपली समजूत आहे?

बदलते, मात्र प्रत्येक गोष्टीने बदलत नाही आणि प्रत्येकाची बदलत नाही. १९७५ साली मेक्सिकोत मिगेल साबिदो या निर्मात्याने ‘वेन कोनमिगो’ ही दूरचित्रवाणी मालिका प्रौढ साक्षरतेसाठी रचली. मोठ्या वयात अक्षरे गिरवण्याची लाज वाटणारी माणसे त्या लाजेतून वाट काढत वर्गापर्यंत कशी पोहोचतात, हे तिच्यात भागामागून भाग दिसत होते. त्याआधीच्या वर्षी साक्षरता वर्गांत साधारण ९९ हजार लोकांनी नावे नोंदवली होती. मालिकेच्या वर्षात हा आकडा सुमारे ८ लाख ४० हजारांवर गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना त्यांच्यासारख्याच रुग्णांनी सांगितलेले अनुभव चित्रफितीवर दाखवले गेले. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता, त्यांच्यात या चित्रफितीचा उपयोग सामान्य आरोग्यमाहितीच्या चित्रफितीपेक्षा अधिक झाल्याचे आढळले.

गोष्टीला मी ऐकणाऱ्याची रंगीत तालीम मानतो. प्रत्यक्षात पाऊल टाकण्यापूर्वी तो ते मनात टाकून पाहतो, तेथे अडखळतो, सावरतो, आणि मग खऱ्या प्रसंगी ती वाट त्याला अगदीच अनोळखी राहत नाही. पुढची बहुतेक उत्तरे या एका विचारावर उभी आहेत.

२. माहिती आणि नियम सरळ सांगितले तर काय बिघडते? गोष्टीचा आडमार्ग कशासाठी?

ज्याने बदलायचे ठरवले आहे, त्याला सरळ माहितीच द्यावी; त्याला गोष्ट सांगत बसणे म्हणजे त्याचा वेळ घेणे. अडचण येते ती अजून न ठरवलेल्या माणसाची. ‘तू असे कर’ म्हटले की आपले स्वातंत्र्य कोणी काढून घेत आहे असे त्याला वाटते आणि तो नेमका उलट्या बाजूला पाय रोवतो. जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली या प्रतिक्रियेची सविस्तर मांडणी केली; घरात किशोरवयीन मूल असलेल्या कोणालाही ती पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

गोष्टीत श्रोत्याला कोणी काही करायला सांगत नसते. तो तिच्यात गुंतलेला असताना हरकती शोधण्याकडे त्याचे लक्ष कमी असते. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवले, की जो वाचक कथेत जितका खोल बुडतो, तितकी त्याची मते कथेच्या दिशेने अधिक झुकतात. नेमक्या याच कारणाने हे साधन जबाबदारीने वापरावे लागते. त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

३. गोष्टीतले पात्र आदर्श असावे की चुकणारे?

चुकणारे, आणि चुकून सावरणारे. माझ्या मते गोष्ट फसते ती बहुतेक वेळा याच एका जागी.

रक्तदाबाची गोळी नियमित घेण्याबद्दल दोन गोष्टी रचून पाहू. पहिलीत एक गृहस्थ डॉक्टरांचे ऐकतात, रोज न चुकता गोळी घेतात आणि ठणठणीत राहतात. ऐकणारा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, ‘असतील असेही लोक.’ दुसऱ्या गोष्टीतले गृहस्थ तीन आठवडे गोळी घेतात, काहीच त्रास होत नाही म्हणून सोडून देतात, आणि घरी विचारले की ‘घेतली’ असे सांगून मोकळे होतात. पुढच्या तपासणीत आकडा वर गेलेला असतो. ‘गोळी चालू आहे ना?’ या साध्या प्रश्नावर त्यांची जीभ अडखळते. त्या रात्री ते गोळ्यांचे पाकीट कपाटातल्या डब्यातून काढून दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवतात. दुसऱ्या दिवशी तरीही विसरतात. तिसऱ्या दिवशी घेतात.

दुसऱ्या गोष्टीत श्रोत्याला स्वतःची सबब भेटते, स्वतःचे खोटे भेटते, आणि उद्या सकाळी करता येईल अशी एक कृतीही मिळते. साबिदो (प्रश्न १ पाहा) आपल्या मालिकांत तीन तऱ्हेची पात्रे ठेवत असे: चांगल्या वाटेने जाणारी, वाईट वाटेने जाणारी आणि दोहोंच्या मध्ये हेलकावे खात अखेर वळणारी. प्रेक्षकाचा जीव गुंतावा तो या तिसऱ्या पात्रात, अशी त्याची योजना असे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांच्या, माणूस इतरांना पाहून शिकतो या सिद्धान्तावर ही रचना उभी होती. भीती घालवण्याच्या प्रयोगांतही असेच दिसले आहे: न घाबरणाऱ्या माणसाला पाहण्यापेक्षा, घाबरत घाबरत जवळ जाणाऱ्याला पाहून लोकांना अधिक धीर येतो.

पात्र श्रोत्याच्या वयाचे, कामाचे, ऐपतीचे असावे, हे यात आलेच. मात्र ते हुबेहूब त्याच्यासारखे करू नये. ‘हे माझ्यावरच बोलतात’ असे वाटले की कान बंद होतात.

४. शेवटी तात्पर्य सांगावे का?

मोठ्यांना सांगू नये. श्रोता स्वतः ज्या निष्कर्षावर आला, तो त्याचा असतो आणि तो त्याला धरून राहतो. तुम्ही हातात ठेवलेले तात्पर्य तो दाराबाहेर पडताना सोडून जातो. लहान मुलांच्या बाबतीत मात्र थोडी मदत लागते, कारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका गोष्टीतला धडा दुसऱ्या प्रसंगाला लावणे अवघड जाते. तेथेही तात्पर्य उच्चारण्याऐवजी प्रश्न विचारावा: ‘त्याने खरे सांगितल्यावर त्याला कसे वाटले असेल?’ आणि मग उत्तराची वाट पाहावी. ही वाट पाहणेच सर्वांत कठीण असते, आणि मुलाचे उत्तर चुकीचे वाटले तरी ते लगेच दुरुस्त करण्याचा मोह आवरावा.

५. मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी अधिक परिणामकारक असतात ना?

आवडतात नक्कीच. वागणुकीपुरते बोलायचे तर चित्र वेगळे आहे. टोरोंटोतील संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट दोन रूपांत ऐकवली: एकीत माणसे होती, दुसरीत माणसांसारखे वागणारे प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर दुसऱ्यांना अधिक दिले. प्राण्यांच्या गोष्टीनंतर तशी वाढ दिसली नाही. मूल प्राण्याच्या जागी स्वतःला ठेवत नाही, असे यावरून वाटते.

म्हणून प्राण्यांच्या गोष्टी कपाटात टाकाव्यात असे मी मुळीच म्हणणार नाही. भाषा, कल्पना आणि आनंद यांसाठी त्या हव्यातच. एखादी ठरावीक सवय लावायची असेल, तेव्हा मात्र गोष्टीत मूल असावे, त्याचे घर असावे, आणि त्याला जड जाणारा तोच प्रसंग असावा. दोन पथ्ये पाळावीत. मुलाने चूक केल्यावर लगेच गोष्ट सांगू नये, कारण मग ती शिक्षा ठरते. आणि पाहुण्यांसमोर ‘एक मुलगा होता, तो असाच हट्ट करायचा’ अशी सुरुवात करू नये; मुलाला सगळे कळते.

६. वाईट परिणाम दाखवून घाबरवणाऱ्या गोष्टी लवकर लागू पडत नाहीत का?

भीतीने माणूस दचकतो, पण दचकणे म्हणजे बदलणे नव्हे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन ते सात वर्षांच्या मुलांना खरे बोलण्याबद्दलच्या जुन्या प्रसिद्ध कथा ऐकवल्या गेल्या. खोटे बोलणाऱ्या मुलाचे नाक वाढते ती कथा आणि ‘लांडगा आला रे आला’ ही कथा ऐकून मुलांच्या खरे बोलण्यात फरक पडला नाही. लहानपणी झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांकडून कौतुक मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या आख्यायिकेने मात्र पडला. संशोधकांनी याच आख्यायिकेचा शेवट बदलून खोटे बोलण्याचे वाईट फळ दाखवले, तेव्हा तिचा परिणाम नाहीसा झाला.

मोठ्या मुलांबाबत तर याहून गंभीर अनुभव आहे. अमेरिकेत चुकार वाटेवरच्या किशोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांच्या तोंडून भयकथा ऐकवण्याचे कार्यक्रम १९७०च्या दशकापासून गाजले. पुढे अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असे दिसले, की या कार्यक्रमांतून गेलेल्या मुलांनी न गेलेल्या मुलांपेक्षा अधिक गुन्हे केले.

धोका लपवावा असा याचा अर्थ नाही. धोक्याबरोबर त्यातून सुटण्याचा, श्रोत्याला झेपणारा मार्ग त्याच गोष्टीत असला, तर भीती त्याला हलवते. मार्ग नसला, तर तो विषयच टाळू लागतो.

७. कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसांना गोष्ट सांगणे पोरकट वाटत नाही का?

‘आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो’ म्हटले तर वाटते. ‘मागच्या पाळीत शिडीवर काय झाले, ते सांगतो’ म्हटले तर कोणालाही वाटत नाही. मोठ्यांच्या जगात गोष्टीला अनुभव, किस्सा किंवा घडलेला प्रकार म्हणतात. सुरक्षिततेच्या बाबतीत थोडक्यात टळलेल्या अपघाताचा वृत्तान्त, तोही ज्याच्यावर बेतले त्याच्याच तोंडून, वरिष्ठांच्या दहा सूचनांहून भारी असतो. अट एवढीच, की सांगणाऱ्याला त्या कबुलीची शिक्षा होता कामा नये. एकाला जरी झाली, तरी पुढची सगळी तोंडे मिटतात.

८. श्रोत्यांनी उलटाच अर्थ घेतला तर?

असे घडते, आणि ते सांगणाऱ्याला सहसा शेवटी कळते. १९८४ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’ मालिकेत स्त्रियांच्या बरोबरीच्या स्थानाचा विचार मांडायचा होता. सगळे निमूट सोसणारी आई भागवंती ही ‘असे होऊ नका’ म्हणून रचलेली होती, आणि अनेक भागांच्या अखेरीस अभिनेते अशोक कुमार स्वतः येऊन विवेचन करीत. तरीही मालिकेच्या अभ्यासकांना असे आढळले, की पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. अमेरिकेत एका विनोदी मालिकेतल्या पूर्वग्रहदूषित बापाची खिल्ली उडवली जात होती. आधीच तशी मते असलेल्या प्रेक्षकांना मात्र तो आपलाच माणूस वाटला.

ज्याची वागणूक श्रोत्यांनी उचलू नये असे वाटते, त्याला सर्वाधिक प्रेमळ, सर्वाधिक चुरचुरीत किंवा सर्वाधिक सोशिक करू नये. आपल्या उद्देशाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना गोष्ट आधी ऐकवावी आणि ‘आवडली का?’ असे न विचारता ‘यातला कोण तुम्हाला जवळचा वाटला आणि का?’ असे विचारावे.

उलट्या अर्थाचा आणखी एक दरवाजा फार जण उघडा ठेवतात. ‘हल्ली सगळेच असे वागतात’ या तक्रारीने गोष्ट सुरू केली, की श्रोत्याच्या मनात उरते ते ‘सगळेच’. ॲरिझोनातील एका राष्ट्रीय उद्यानात अश्मीभूत लाकडाचे तुकडे पर्यटक उचलून नेत. अनेकांनी असे केल्याने उद्यानाची हानी झाली, असे सांगणारा फलक जेथे लावला, तेथे संशोधकांनी खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढेच सांगणाऱ्या फलकापाशी २ टक्क्यांहूनही कमी गेले.

९. गोष्ट ऐकून सगळे भारावतात, पण दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. असे का?

बहुधा गोष्ट भावनेपाशी संपली आणि पावलापाशी पोहोचली नाही. उमाळा रात्रभरात ओसरतो; कोठे जायचे, कोणाला भेटायचे आणि पहिले वाक्य काय बोलायचे, हे कळले असेल तर त्याचे काहीतरी होते. साबिदोच्या साक्षरता मालिकेत (प्रश्न १ पाहा) अक्षरे शिकण्याच्या पुस्तिका मिळण्याचे ठिकाण दाखवले गेले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तेथे हजारो लोक येऊन धडकले आणि व्यवस्था तोकडी पडली. माझ्या दृष्टीने या प्रसंगातला इशारा यशाइतकाच मोलाचा आहे. वाट तयार नसताना गोष्टीने माणसांना वाटेवर आणले, तर त्यांचा झालेला हिरमोड पुढच्या प्रयत्नाला आडवा येतो.

गोष्टीनंतर प्रत्येकाने स्वतःसाठी ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे एक वाक्य ठरवावे. आणि एकाच गोष्टीवर भिस्त ठेवू नये. त्याच पात्राला महिनाभराने पुन्हा भेटवावे, तेव्हा ते कोठवर आले आहे, हे श्रोत्यांना आपणहून जाणून घ्यायचे असते.

१०. एका व्यक्तीची नव्हे, अख्ख्या समूहाची रीत बदलायची असेल तर?

तर गोष्ट एकेकट्याला न सांगता सर्वांना एकत्र ऐकवावी. माणूस पुष्कळदा स्वतःला पटते त्याप्रमाणे वागत नाही. इतरांना काय चालते असे त्याला वाटते, त्याप्रमाणे वागतो. रवांडात नरसंहारानंतर दहा वर्षांनी, २००४ साली, ‘मुसेकेवेया’ ही सलोख्याची नभोनाट्य मालिका सुरू झाली आणि मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ पॅलक यांनी तिचा काटेकोर अभ्यास केला. वर्षभर ऐकूनही श्रोत्यांच्या खाजगी समजुती फारशा हलल्या नाहीत. आपल्या समाजात काय योग्य मानले जाते याची त्यांची कल्पना मात्र बदलली आणि वागणेही बदलले. अभ्यासाच्या अखेरीस प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर भेट मिळाला. तुलनेसाठी आरोग्यविषयक नाटिका ऐकवलेल्या गटांचा कल तो गावच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावा असा होता, तर सलोख्याची मालिका ऐकलेल्या गटांनी आपसांत चर्चा करून तो सर्वांनी मिळून सांभाळण्याचे ठरवले.

दक्षिण आफ्रिकेतील ‘सोल सिटी’ मालिकेच्या १९९९ सालच्या भागांत पत्नीला मारहाण करणाऱ्या माणसाच्या घराबाहेर शेजारी जमून भांडी वाजवतात. पुढे काही ठिकाणी लोकांनी प्रत्यक्षात तसेच केल्याची नोंद आहे. ‘मध्ये पडायचे तर कसे?’ या प्रश्नाचे इतके साधे, कोणालाही जमेल असे उत्तर त्यांना तोवर कोणी दाखवले नव्हते.

११. दुसऱ्याची गोष्ट ऐकवण्याऐवजी माणसाला स्वतःचीच गोष्ट बदलायला लावता येते का?

येते, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत नाजूक व सुंदर काम हेच आहे. मायकल व्हाइट आणि डेव्हिड एपस्टन या उपचारकांच्या कथनोपचारात, म्हणजे माणूस स्वतःबद्दल सांगतो त्या गोष्टीवर काम करणाऱ्या समुपदेशनात, समस्येला माणसापासून वेगळे करतात. व्हाइट यांच्याकडे आलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाचे कपडे रोज शौचाने खराब होत आणि घरातले सगळे हताश झाले होते. त्यांनी त्या त्रासालाच एक खोडकर नाव दिले आणि मुलाला विचारले, की या लबाडाने तुला फसवायचा प्रयत्न केला, पण तू फसला नाहीस, असे कधी घडले आहे का? मुलाला तसे प्रसंग आठवले. तोवर ‘मी घाण मुलगा आहे’ अशी असलेली त्याची गोष्ट त्या क्षणापासून ‘मी याला कधीकधी हरवतो’ अशी होऊ लागली.

घरी हे करताना नाव मुलालाच ठेवू द्यावे, आणि अपयशाच्या दिवशी ‘आज तो जिंकला, उद्या पाहू’ यापलीकडे काही बोलू नये.

१२. नकळत मन वळवणे ही फसवणूक नाही का?

उद्देश विचारल्यावर लपवावा लागत असेल, तर आहे. मी एक कसोटी लावतो: ‘तुम्ही ही गोष्ट का सांगितलीत?’ असे श्रोत्याने विचारले, तर खरे उत्तर त्याच्या डोळ्यांत पाहून देता आले पाहिजे. रचलेली गोष्ट घडलेली म्हणून सांगू नये. ‘समजा, एक बाई आहेत’ म्हटल्याने परिणाम कमी होत नाही, खोटे उघडे पडल्यावर मात्र विश्वास कायमचा जातो. दुसऱ्याचा खरा अनुभव त्याच्या परवानगीवाचून वापरू नये, आणि नाव बदलणे म्हणजे परवानगी नव्हे. लहान गटात तपशिलांवरून माणूस लगेच ओळखता येतो.

१३. गोष्ट सांगूच नये असे प्रसंग कोणते?

तातडीचा धोका असताना सरळ आज्ञाच द्यावी. नुकत्याच दुःखात असलेल्या माणसाला दुसऱ्याने दुःखावर कशी मात केली हे ऐकवू नये. त्या वेळी त्याचे ऐकणे एवढेच आपले काम असते. साधनांचा अभाव हे कारण असेल, तर तेथेही गोष्ट गैरलागू आहे. ज्याच्याकडे औषधाला पैसे नाहीत, त्याला नियमिततेची कथा सांगणे निष्ठुरपणाचे ठरते.

आत्महत्येच्या विषयाला वेगळी काळजी लागते. कृतीचे तपशील किंवा तिला उदात्त रूप देणाऱ्या कथा संकटातल्या माणसाला धोकादायक ठरू शकतात, तर त्या अवस्थेतून मदत घेऊन बाहेर पडलेल्या माणसांच्या कथांनी असे विचार कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. तरीही अशा माणसाला गोष्टीवर न सोडता प्रशिक्षित व्यक्तीपर्यंत पोहोचवावे.

स्वमग्न मुलांसाठी सूचक गोष्टी सहसा उपयोगी पडत नाहीत. त्यांच्यासाठी कॅरल ग्रे यांनी १९९०च्या सुमारास विकसित केलेल्या, प्रसंग साध्या वाक्यांत जसाच्या तसा समजावणाऱ्या सामाजिक कथांची पद्धत आहे. तिचे नियम निराळे आहेत आणि प्रश्न ४ मधले तात्पर्याचे पथ्य तिला लागू होत नाही.

१४. परिणाम झाला की नाही, हे कसे ओळखावे?

टाळ्या, अश्रू आणि ‘फार छान’ यांवरून ओळखू नये. टांझानियात १९९३ साली कुटुंबनियोजन आणि एड्सविषयीची एक नभोनाट्य मालिका सुरू झाली, तेव्हा डोडोमा परिसरात ती दोन वर्षे प्रसारितच केली नाही आणि तेथील बदलाची तुलना देशातल्या इतर भागांशी केली. घरी किंवा वर्गात इतके करता येत नाही, पण त्यामागचा विचार उचलता येतो. गोष्ट सांगण्यापूर्वी आठवडाभर एकच मोजता येणारी कृती टिपून ठेवावी: किती दिवस गोळी घेतली, किती वेळा खेळणे मागितल्यावर दिले, किती जणांनी शिरस्त्राण घातले. मग गोष्ट सांगावी, तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि तीच कृती पुन्हा आठवडाभर टिपावी.

आणखी एक खूण मी मोजमापाइतकीच महत्त्वाची मानतो. श्रोते काही दिवसांनी ती गोष्ट आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगताना आढळले, तर लपून ऐकावे. त्यांनी कोणता प्रसंग वगळला, कोठे भर घातली आणि शेवट कसा केला, यातून त्यांनी काय घेतले ते कळते, आणि पुढची गोष्ट कोठून सुरू करायची तेही.